पुनरागमन आणि ऋणस्मरण : ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ ह्या संग्रहाचा ऐतिहासिक विचार

१

दीर्घ मौनानंतर एखादा कलावंत पुन्हा रसिकांसमोर येतो, तेव्हा त्याच्या नव्या कृतीसंबंधी दोन प्रश्न सामान्यतः उपस्थित केले जातात. पूर्वीचे सामर्थ्य त्याच्या ठायी शिल्लक आहे काय, हा पहिला. आणि मधल्या काळात बदललेल्या जगाशी त्याचे नाते काय, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न समीक्षकाचे होत. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर घालावयास हवी. पुनरागमन करणारा कोणत्या भूतकाळाकडे परत जातो, त्या भूतकाळातील कोणाची नावे घेतो, आणि कोणाची घेत नाही? प्रस्तुत लेखात ह्या तिसऱ्या प्रश्नाचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे ‘डाफ्ट पंक’ ह्या फ्रेंच संगीतकारद्वयाने मे २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ हा तेरा गीतांचा संग्रह.

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा विषय संशोधन-पत्रिकेत कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे समाधान एवढ्यातच आहे की, ह्या संगीताची रचनापद्धती आणि इतिहासलेखनाची पद्धती ह्यांत एक विलक्षण साम्य आढळते. दोघांनाही जुन्या साधनांवाचून पाऊल उचलता येत नाही. जुन्या तबकडीतील काही क्षणांचा तुकडा यंत्राच्या साहाय्याने उचलून त्याची पुनरावृत्ती करावयाची व त्यावर नवी रचना उभारावयाची, ह्या क्रियेला त्या क्षेत्रात ‘सॅम्पल’ घेणे म्हणतात. कागदपत्रातील उतारा घेऊन इतिहासकार जे करतो, त्याच जातीचे हे काम आहे. म्हणूनच अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, साधनाचा कर्ता कोण, त्याचा निर्देश झाला की नाही, हे आपल्या परिचयाचे प्रश्न येथेही तितक्याच निकडीने उभे राहतात. फरक असलाच तर तो हा की, उताऱ्याचा निर्देश टाळणाऱ्या इतिहासकारामुळे सहसा कोणाची उपासमार होत नाही. संगीताच्या व्यवहारात मात्र तसे घडू शकते.

२

गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्टो (जन्म १९७४) आणि तोमा बांगाल्तेर (जन्म १९७५) ह्या दोघांची गाठ १९८७ साली पॅरिस येथील लिसे कार्नो ह्या विद्यालयात पडली. तरुणपणी त्यांनी एका तिसऱ्या मित्रासह गिटारवादकांचे एक छोटे पथक स्थापन केले होते. एका इंग्रजी संगीत-साप्ताहिकातील परीक्षणाने १९९३ साली त्या पथकाची टवाळी केली. त्या टवाळीतील शब्द उचलूनच दोघांनी पुढे ‘डाफ्ट पंक’ हे नाव धारण केले. पथक मोडले, गिटारी बाजूला पडल्या, आणि दोघे सॅम्पलर, सिंथेसायझर व ड्रम मशीन ह्या यंत्रांकडे वळले. त्यांचा पहिला संग्रह ‘होमवर्क’ १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्याचा बराचसा भाग बांगाल्तेरच्या घरातील शयनगृहातच ध्वनिमुद्रित झालेला असल्याने ते नाव अन्वर्थक होते.

ह्या पहिल्या संग्रहात ‘टीचर्स’ नावाची एक रचना आहे. तिच्यात गीत म्हणण्यासारखे काही नाही. आहे ती केवळ नामावळी. शिकागो, डेट्रॉइट आणि अन्य नगरांतील ज्या संगीतकारांपासून आपण शिकलो, त्यांची नावे हे दोन तरुण एकामागून एक उच्चारतात. पॉल जॉन्सन, डी. जे. स्नीक, लिल लुईस, जेफ मिल्स, रोमँथनी, टॉड एडवर्ड्स ही त्यांतील काही. आपल्याकडील ग्रंथकार ग्रंथारंभी गुरुपरंपरा सांगतात, त्या परिपाठाशी ह्या रचनेची तुलना सहज मनात येते. येथे एवढेच लक्षात ठेवावयाचे की, ऋणनिर्देशाची जाणीव ह्या द्वयाच्या ठायी आरंभापासून होती. तथापि ती जाणीव नाव घेण्यापुरतीच मर्यादित होती.

नामावळीतील बहुसंख्य नावे ‘हाउस’ ह्या संगीतप्रकाराशी निगडित आहेत, आणि हाउसचा उगम समजून घेतल्यावाचून पुढील विवेचन उमगणार नाही. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत डिस्को संगीताची लाट आली. तिचे मूळ न्यूयॉर्कसारख्या नगरांतील कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी समाजांच्या नृत्यगृहांत होते. ही लाट ऐन भरात असतानाच १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क ह्या क्रीडांगणावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांमधील अवकाशात, एका नभोवाणी-निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडविण्यात आला. जमाव मैदानात घुसला व दुसरा सामना होऊ शकला नाही. त्या क्रीडांगणावर प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करणाऱ्यांत व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. लोकांनी आणलेल्या तबकड्यांत केवळ डिस्कोच्याच नव्हे, तर कृष्णवर्णीय कलावंतांच्या अन्य तबकड्याही होत्या, असे त्याने पुढे सांगितले आहे. हाच लॉरेन्स हाउस संगीताच्या आद्य रचनाकारांपैकी एक झाला. त्याच नगरातील ‘वेअरहाउस’ ह्या नृत्यगृहात फ्रँकी नकल्स डिस्कोच्या तबकड्या नव्या रीतीने जोडून वाजवीत असे, आणि त्या गृहाच्या नावावरूनच ‘हाउस’ ही संज्ञा रूढ झाली. सारांश, हाउस म्हणजे बहिष्कृत डिस्कोने स्वस्त यंत्रांच्या आश्रयाने काढलेले अज्ञातवासाचे दिवस होत. डाफ्ट पंकने पॅरिसमध्ये बसून जो वारसा उचलला, तो हा.

३

दुसरा संग्रह ‘डिस्कव्हरी’ २००१ मध्ये आला. ह्या सुमारास दोघांनी चेहऱ्यावर यंत्रमानवाची शिरस्त्राणे चढविली. ९ सप्टेंबर १९९९ रोजी आपल्या कार्यशाळेत स्फोट होऊन आपण यंत्रमानव झालो, अशी एक दंतकथाही त्यांनी स्वतःच प्रसृत केली. चेहरा झाकण्याचा हा निर्णय विनोदाचा म्हणून सोडून देता येत नाही. कर्त्याचे मुख दिसू नये, केवळ ध्वनी ऐकू यावा, ही त्यामागील भूमिका होती. मात्र ज्या तबकड्यांतून ध्वनी उचलले गेले, त्यांच्या कर्त्यांनाही ह्या काळात जवळजवळ अशीच अनामिकता प्राप्त झाली. आणि ती त्यांनी स्वेच्छेने पत्करलेली नव्हती.

ह्या संग्रहातील एक प्रसिद्ध रचना एडविन बर्डसाँग ह्याच्या १९७९ मधील तबकडीवर आधारलेली आहे. ‘वन मोअर टाइम’ हे त्याहूनही लोकप्रिय गीत रोमँथनी ह्याने गायिले. त्यातील वाद्यध्वनीचा मूळ तुकडा मात्र एडी जॉन्स ह्या लायबेरियात जन्मलेल्या गायकाच्या १९७९ सालच्या ‘मोअर स्पेल ऑन यू’ ह्या गीतातील आहे. जॉन्सचे नाव संग्रहाच्या श्रेयनामावळीत आले नाही. २०२१ साली लॉस एंजेलिसमधील एका वृत्तपत्राने त्याचा शोध घेतला, तेव्हा असे आढळले की हा वृद्ध गायक त्याच नगरात वर्षानुवर्षे निराश्रित अवस्थेत राहिला होता, आणि जगभर वाजलेल्या त्या गीताबद्दल त्याला काहीही मिळाले नव्हते. द्वयाकडून मोबदला दिला जात होता. परंतु तो मूळ तबकडीचे हक्क ज्या कंपनीकडे गेले होते, तिला. हक्क आणि कर्तृत्व ह्या दोन गोष्टी किती दूर जाऊ शकतात, ह्याचे हे उदाहरण होय.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरणही १९७९ चेच आहे. ‘शिक’ ह्या कृष्णवर्णीय पथकाचे ‘गुड टाइम्स’ हे गीत त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत अग्रस्थानी होते. त्याची बेस गिटारची चाल घेऊन ‘शुगरहिल गँग’ ह्या मंडळीने ‘रॅपर्स डिलाइट’ हे गीत काढले. शिकचे प्रवर्तक नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स ह्यांनी न्यायालयाचा धाक घातला, आणि गीताच्या कर्त्यांत त्यांची नावे दाखल झाली. रॉजर्सपाशी कीर्ती, साधने व कायद्याचे साहाय्य होते. जॉन्सपाशी ह्यांपैकी काहीच नव्हते. श्रेयाची नोंद न्यायाने होते असे नव्हे. अनेकदा ती सामर्थ्याने होते.

ऋणाचा हा व्यवहार एकाच दिशेने चालतो, असेही समजण्याचे कारण नाही. तोमा बांगाल्तेरचे वडील दानियेल व्हांगार्द ह्या नावाने फ्रान्समध्ये डिस्को गीतांचे रचनाकार व निर्माते म्हणून ख्यातनाम होते. त्यांनी झाँ क्लुगेर ह्यांच्यासह ‘ओतावाँ’ ह्या मंडळीसाठी १९८० च्या सुमारास रचलेल्या ‘ते ओके’ ह्या गीताची चाल मुंबईस पोचली, आणि १९८२ सालच्या ‘डिस्को डान्सर’ ह्या हिंदी चित्रपटातील ‘जिमी जिमी जिमी आजा’ हे गीत तिच्यावर बेतले गेले. ते गीत आपल्याकडे गणेशोत्सवापासून लग्नाच्या वरातीपर्यंत ज्यांनी ऐकले, त्यांपैकी किती जणांना त्या फ्रेंच रचनाकारांची नावे ठाऊक असतील? पुत्राने अमेरिकन तबकड्यांतून घेतले. पित्याचे मुंबईने घेतले. नृत्यसंगीत देशोदेशी जाते ते असेच, नावे वाटेत गाळीत.

४

तिसरा संग्रह ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सुमारे सहा आठवड्यांत तयार झाला होता, आणि त्यातील पुनरावृत्तिप्रधान, रूक्ष रचनेचे स्वागत थंडपणे झाले. ह्यानंतर नव्या संग्रहासाठी रसिकांना आठ वर्षे थांबावे लागले. ह्या अवधीला शब्दशः विश्रांती म्हणता येणार नाही. २००६ व २००७ ह्या वर्षांत प्रकाशमान पिरॅमिडवर उभे राहून त्यांनी जे प्रयोग केले, त्यांचा प्रभाव पुढील दशकातील अनेक इलेक्ट्रॉनिक वादकांच्या रंगमंचावर स्पष्ट दिसतो. २००६ मध्ये त्यांनी ‘इलेक्ट्रोमा’ हा चित्रपट काढला. २०१० च्या ‘ट्रॉन : लेगसी’ ह्या चित्रपटासाठी त्यांनी पार्श्वसंगीत रचले, त्यासाठी लंडनमध्ये ८५ वादकांच्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. तथापि स्वतःच्या नावाने नवा गीतसंग्रह त्यांनी काढला नाही, आणि मौन म्हणून लोकांना जाणवले ते हेच.

ह्या मौनाच्या काळात दोन गोष्टी घडल्या. एक, इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत अमेरिकेत प्रचंड व्यवसाय बनले. पूर्वी जे शयनगृहात दोन यंत्रांवर होत असे, ते आता कोणाही तरुणाला एका संगणकावर करता येऊ लागले, आणि सर्वांचीच साधने एक झाल्यामुळे ध्वनीही एकसारखे होऊ लागले. दुसरी गोष्ट, वाद्यवृंदाच्या अनुभवाने ह्या द्वयाला जिवंत वादकांच्या समूहाशी काम करण्याचा आत्मविश्वास दिला. नव्या संग्रहाचे प्राथमिक काम २००८ मध्येच सुरू झाले होते. ज्या यंत्रांनी त्यांना घडविले, त्यांचाच त्याग करून पुनरागमन करावयाचे, असा निर्णय ह्यातून निष्पन्न झाला. जुन्या तबकड्यांतून तुकडे उचलावयाचे नाहीत. त्या तबकड्या ज्यांनी वाजविल्या, त्याच माणसांना बोलावून नव्याने वाजवावयास लावावयाचे. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर, नकला बाजूस ठेवून अस्सलाच्या दप्तरखान्यात जावयाचे.

५

ध्वनिमुद्रणाच्या स्थळांची निवडही ह्याच हेतूने झालेली दिसते. लॉस एंजेलिसमधील हेन्सन ध्वनिमुद्रणगृह ही मुळात चार्ली चॅप्लिनने १९१७ मध्ये बांधावयास घेतलेली चित्रपटशाळा. पुढे ती ए अँड एम ह्या ध्वनिमुद्रिका-कंपनीकडे होती. न्यूयॉर्कमधील इलेक्ट्रिक लेडी हे ध्वनिमुद्रणगृह जिमी हेंड्रिक्सने उभारलेले असून ते १९७० मध्ये सुरू झाले. पॅरिसमध्येही काही काम झाले. वाद्यांचा ध्वनी एकाच वेळी चुंबकीय फितीवर आणि संगणकावर घेण्यात येई, व नंतर दोहोंतील जो योग्य वाटेल तो निवडण्यात येई. ह्यावरून हे द्वय नव्या तंत्राचे शत्रू नव्हते, हे स्पष्ट व्हावे. ह्या सर्व उद्योगाचा खर्च दहा लाख डॉलरांहून अधिक झाला, असे सांगितले गेले आहे.

जमविलेले वादक कोण होते, हे पाहणे अगत्याचे आहे. तालवाद्यांसाठी जॉन रॉबिन्सन आणि ओमर हकीम आले. रॉबिन्सन हा मायकेल जॅक्सनच्या १९७९ मधील ‘ऑफ द वॉल’ ह्या संग्रहाचा वादक, तर हकीम डेव्हिड बोवीच्या १९८३ मधील ‘लेट्स डान्स’ ह्या संग्रहातील. बेस गिटार नेथन ईस्टकडे होती, आणि गिटारसाठी पॉल जॅक्सन (धाकटा) होता. ही माणसे ध्वनिमुद्रणगृहात रोजाने येऊन वाजविणाऱ्या वर्गातील होत. त्यांचे वादन कोट्यवधींनी ऐकले आहे, परंतु त्यांची नावे तबकडीच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत शोधावी लागतात. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या वर्गाची ओळख वेगळी करून द्यावयास नको.

नाइल रॉजर्सचे आगमन ह्या सर्वांत अधिक अर्थपूर्ण होते. शिकागोच्या त्या रात्रीनंतर डिस्को हा शब्दच अमेरिकन नभोवाणीवर नकोसा झाला, आणि शिकचे यश पाहता पाहता ओसरले. रॉजर्सने पुढे इतरांच्या संग्रहांचा निर्माता म्हणून मोठे काम केले; त्याचा सहकारी एडवर्ड्स १९९६ मध्ये निवर्तला. १९ एप्रिल २०१३ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘गेट लकी’ ह्या गीतात रॉजर्सची गिटार पुन्हा जगभर ऐकू आली, आणि ह्या वेळी ती सॅम्पल म्हणून आली नाही. वादक स्वतः उपस्थित होता. त्याचे नाव गीताच्या मुखावर होते. गायक फॅरेल विल्यम्स ह्याच्या नावाशेजारी होते. सुमारे चौतीस वर्षांपूर्वी ज्या संगीताच्या तबकड्या स्फोटकांनी उडविल्या गेल्या, त्या संगीताची ही प्रकट पुनर्प्रतिष्ठा होती.

पॉल विल्यम्सची निवड वेगळ्या कारणाने झाली. १९७४ सालच्या ‘फँटम ऑफ द पॅरडाइज’ ह्या चित्रपटाचे संगीत त्याचे होते व त्यात त्याने भूमिकाही केली होती. कुमारवयात हा चित्रपट ह्या दोघांनी एकत्र वीसहून अधिक वेळा पाहिला होता. ए अँड एम कंपनीसाठी एके काळी गीते लिहिणारा विल्यम्स त्याच जुन्या वास्तूतील द्वयाच्या संग्रहात ‘टच’ हे दीर्घ गीत गातो. टॉड एडवर्ड्स हा ‘टीचर्स’मधील नामावळीतला. तबकड्यांचे अतिसूक्ष्म तुकडे करून जोडण्यात त्याचा हातखंडा होता. येथे मात्र तो जिवंत वाद्यवृंदासह गातो. संपूर्ण संग्रहात जुन्या तबकडीतील तुकडा घेतलेली रचना एकच, ती शेवटची ‘काँटॅक्ट’. आणि तिच्यात ‘द शर्ब्ज’ ह्या ऑस्ट्रेलियन पथकाचे ऋण श्रेयनामावळीत रीतसर नोंदलेले आहे. ‘डिस्कव्हरी’च्या वेष्टनाशी तुलना करता हा बदल लहान नव्हे.

६

संग्रहातील तिसरी रचना, ‘जॉर्जो बाय मोरोदर’, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ऐकावी अशी आहे. जॉर्जो मोरोदर (जन्म १९४०) हा उत्तर इटलीतील रचनाकार. १९७७ मध्ये म्युनिक येथे त्याने डॉना समर ह्या गायिकेसाठी ‘आय फील लव्ह’ हे गीत तयार केले. त्यातील जवळजवळ सर्व ध्वनी मूग सिंथेसायझरचे होते. यंत्राच्या ठोक्याशी फितीचा मेळ घालण्याची जी युक्ती त्या काळी सापडली, तिच्यावर पुढील सर्व इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत उभे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मोरोदरला द्वयाने ध्वनिमुद्रणगृहात बोलाविले, ते वाजविण्यासाठी नव्हे. आपला जीवनवृत्तान्त सांगण्यासाठी. तो बोलत राहिला, आणि त्याच्या कथनातील निवडक भागांच्या खाली व भोवती नऊ मिनिटांची रचना बांधण्यात आली. त्याने स्वतः सांगितलेली एक हकीकत उद्बोधक आहे. बोलण्यासाठी त्याच्यासमोर निरनिराळ्या दशकांतील मायक्रोफोन मांडून ठेवलेले होते. आयुष्याच्या ज्या काळाविषयी तो बोलेल, त्या काळाचा मायक्रोफोन वापरावयाचा, असा बेत होता. हा फरक कोणाला कळणार, असे त्याने विचारता, ऐकणाऱ्यांना कळला नाही तरी त्या दोघांना कळेल, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले.

ही रचना म्हणजे एक बखर आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिले, त्याप्रमाणे येथेही घटनांशी संबंधित असलेला एक वृद्ध साक्षीदार, पुढच्या पिढीच्या विनंतीवरून, स्मरणाने सांगतो. बखरीचे गुण तिच्यात आहेत : साक्षात् अनुभव, वेग, आणि सांगणाऱ्याचा स्वर. बखरीचे दोषही आहेत : स्मरण सोयीचे तेवढे ठेवते, सहकारी मागे पडतात, आणि निवड करणारा हात ऐकणाऱ्यास दिसत नाही. ‘आय फील लव्ह’च्या यशात पीट बेलॉट हा सहलेखक व निर्माता, सिंथेसायझर सांभाळणारा रॉबी व्हेडेल, आणि सर्वांहून अधिक डॉना समरचा स्वर ह्यांचा वाटा होता. समर १७ मे २०१२ रोजी निवर्तली. बरोबर एक वर्षाने, १७ मे २०१३ रोजी, ऑस्ट्रेलियातील वी वा नावाच्या कापूस पिकविणाऱ्या लहानशा गावातील वार्षिक शेतकी प्रदर्शनात ह्या संग्रहाचे अनावरण झाले. हा योगायोगच होय. तथापि बखर ऐकताना न बोललेल्यांची आठवण ठेवावयाची, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

संग्रहाच्या नावाचा अर्थही येथे स्पष्ट होतो. संगणकाच्या स्मृतीतून कोणतीही नोंद, मागेपुढे न पाहता, थेट उचलता येते. ‘रँडम ॲक्सेस मेमरी’ ही संज्ञा त्यावरूनच आली. सॅम्पलरने संगीताच्या भूतकाळाचे तसेच केले होते : कोणताही तुकडा, कोठूनही, केव्हाही. द्वयाने त्या संज्ञेचे अनेकवचन केले, आणि स्मृती ह्या शब्दाला पुन्हा मानवी अर्थ दिला. माणसाची आठवण सुटी येत नाही. तिच्याबरोबर माणूस येतो.

७

संग्रहाला मिळालेले यश सर्वश्रुत आहे. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ३,३९,००० प्रती खपल्या व संग्रह अग्रस्थानी पोचला. २६ जानेवारी २०१४ रोजी त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. शिरस्त्राणधारी द्वय मंचावर उभे राहिले, पण बोलले नाही. त्यांच्या वतीने पॉल विल्यम्स बोलला. साक्षीदारांना बोलते करण्याचा संग्रहाचा उपक्रम जणू त्या प्रसंगी पूर्ण झाला.

परंतु येथेच थांबलो तर आपण गौरवलेख लिहिला असे होईल. ह्या संग्रहाने ज्यांना बोलाविले, ते बहुतेक सारे पूर्वीच प्रतिष्ठित झालेले होते. रॉजर्स, मोरोदर आणि विल्यम्स ह्यांचे विस्मरण अंशतःच झाले होते. जॅक्सन व बोवी ह्यांच्या वादकांना त्यांच्या व्यवसायात मान होता. ज्यांचे विस्मरण पूर्ण झाले होते, त्यांच्यापर्यंत हे पुनरागमन पोचले नाही. एडी जॉन्स त्याच लॉस एंजेलिस नगरात निराश्रित होता, जेथे दहा लाख डॉलरांची ही स्मृतिशोधयात्रा चालली होती. ‘टीचर्स’मधील शिकागोचे गुरुजन ह्या वेळी आले नाहीत, त्या नामावळीतून केवळ एडवर्ड्स आला, आणि तो शिकागोचा नव्हे. रोमँथनी तर संग्रह प्रसिद्ध होण्यापूर्वी अवघे दहा दिवस, ७ मे २०१३ रोजी, निवर्तला. अर्थात् द्वय ज्या भूतकाळाकडे परतले, तो १९७९ चा लॉस एंजेलिस व न्यूयॉर्कमधील सुसज्ज ध्वनिमुद्रणगृहांचा भूतकाळ होता. १९८० नंतरच्या शिकागोतील स्वस्त यंत्रांचा व दरिद्री नृत्यगृहांचा नव्हता. वस्तुतः त्यांच्या कलेची प्रत्यक्ष जननी ही दुसरी होती. आजोळची वाट चालताना घर वाटेतच राहिले.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, कलावंत म्हणजे इतिहासकार नव्हे; सर्वांना न्याय देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. हा आक्षेप मान्य करावयास हवा. तथापि जो कलावंत स्मृती हाच आपल्या कृतीचा विषय करतो, साक्षीदार बोलावितो, दशकादशकांचे मायक्रोफोन वेचून मांडतो, त्याने इतिहासकाराचे काम आपण होऊन अंगावर घेतलेले असते. मग त्या कामाची कसोटीही त्याला लावणे अन्यायाचे नाही. मायक्रोफोनच्या वयाबद्दल जी काटेकोर दक्षता दाखविली गेली, तिचा काही अंश तबकडीमागील माणसांच्या शोधाकडे वळविला गेला असता, तर ह्या संग्रहाची योग्यता वाढलीच असती.

पुनरागमनाची दुसरी एक रीत आहे, आणि तिचे उदाहरण मुंबईचेच आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली काही जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या तालात वाजवून एक तबकडी काढली. त्यांत टी. बी. ३०३ हे यंत्र होते. पुढे शिकागोत ज्या यंत्रातून हाउसची एक नवी शाखा निघाली, आणि डाफ्ट पंकनेही ‘दा फंक’ ह्या रचनेत जे वापरले, तेच हे. तबकडी खपली नाही व विसरली गेली. २०१० मध्ये एका जिज्ञासू संग्राहकाच्या खटपटीने ती पुन्हा निघाली, आणि वृद्ध सिंगांना परदेशी श्रोत्यांसमोर वाजविण्याची संधी लाभली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुनरागमन त्यांनी घडविले नाही. विसरलेले साधन धुंडाळणाऱ्याने घडविले. हे काम कीर्तिमान कलावंताचे नसून संशोधकाचे आहे.

२२ फेब्रुवारी २०२१ रोजी, ‘एपिलॉग’ ह्या छोट्या चित्रफितीद्वारे, डाफ्ट पंकने आपण विभक्त होत असल्याचे जाहीर केले. तिच्यासाठी ‘इलेक्ट्रोमा’तील दृश्ये आणि ‘टच’मधील स्वर वापरलेले होते. अशा रीतीने २०१३ चे पुनरागमन हाच निरोप ठरला. त्या वेळी ज्याला नवा आरंभ समजले गेले, तो आज मागे वळून पाहता हिशेब मिटविण्याचा प्रयत्न दिसतो. रॉजर्स, मोरोदर, विल्यम्स आणि रोजाने वाजविणारे वादक ह्यांच्या खात्यावर जमा झाली. शिकागोचे खाते उघडेच राहिले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मे २०२१ मध्ये, एडी जॉन्सची हकीकत वृत्तपत्रात आली. ती शोधून काढणारा वार्ताहर होता. असल्या तबकड्यांच्या बारीक अक्षरांत अजून किती नावे आहेत, आणि किती नावे तेथेही नाहीत, ह्याचा शोध आपल्या विद्यार्थ्यांनी आपल्या जवळच्या मुंबईपासून आरंभावा.